झाकणावरची चिठ्ठी
(रेडिओवरील भाषण)

पर्यावरणाचे धोरण ठरवताना नकाशा लागतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. मला बोलायचे आहे ते एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना त्या नकाशाचे काय होते, त्याविषयी.

आपल्या किनाऱ्यावरची कांदळवनेच घ्या. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यांची तोड थांबवली आणि उपग्रहचित्रांवरून त्यांचे नकाशे करायला सांगितले. २०१२ मध्ये वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला. तेव्हा नकाशांचा तुटवडा आहे असे नाही. प्रत्येक टेबलाकडे आपापला नकाशा असतो, पण शेजारच्याला तो मिळत नाही. आणि मिळालाच तर नुसता मिळतो, म्हणजे तो केव्हाचा, कशासाठीचा हे सांगणारी चिठ्ठी त्याबरोबर नसते.

मोठ्या घरातले फडताळ आठवा. सासूबाईंनी डबे भरून ठेवलेले असतात. झाकणावर चिठ्ठी नाही, कशात काय ते त्यांना पाठ. त्या चार दिवस गावाला गेल्या की सून एकेक झाकण उघडत बसते. हे तांदळाचे पीठ की उकडीची पिठी? यंदाचे की गेल्या साली दळलेले? घरात सगळे आहे, पण भाकरी थापायला हात धजत नाही. शेवटी ती दुकानातून नवे पीठ आणते. खात्यातही हेच चालते. त्याच खाडीचा नकाशा पुन्हा नव्याने होतो, पुन्हा पैसे खर्च होतात आणि पुन्हा एक बिनचिठ्ठीचा डबा वाढतो.

चिठ्ठी नसली तर काय होते, ते पाहा. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१च्या अहवालात महाराष्ट्रात ३२४ चौरस किलोमीटर कांदळवन दिले आहे. तो नकाशा एकास पन्नास हजार प्रमाणावरचा, त्यात एक हेक्टरहून लहान तुकडा धरतच नाहीत. देशाचे चित्र पाहायला तो चोख आहे. पण किनारा नियमन क्षेत्राचे नियम सांगतात, सरकारी जमिनीवरचे कांदळवन एक हजार चौरस मीटरांहून मोठे असेल तर भोवती पन्नास मीटरांचा पट्टा राखा. आता तीन हजार चौरस मीटरांचा तुकडा घ्या. नियमात तो आहे, त्या नकाशात नाही. प्रमाण न वाचता कोणी त्यावरून परवानगीचा शेरा मारला, तर ती झाडे कागदावर नाहीतच!

दुसरी गोष्ट आधाराची, म्हणजे पृथ्वीचा आकार कोणता धरून नकाशा मोजला त्याची. जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट आधारावरच्या, आजचा जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ वर चालतो. न जुळवता एकावर एक ठेवले तर कोकणात खाडीची रेघ पन्नास मीटरांहून जास्त सरकते. म्हणजे राखायचा तो अख्खा पट्टाच गेला. म्हणून सांगतो, नकाशा द्या आणि त्याबरोबर चिठ्ठी द्या: केव्हाचा, कोणी केला, कोणत्या प्रमाणावर, कोणत्या आधारावर, कशासाठी. पाच ओळींचे काम आहे हो. ‘फाइल पाठवून दिली’ म्हणून हात झटकू नका.

दिल्लीने २०१२ मध्ये माहिती खुली करण्याचे धोरण आणले, २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आणले. मग एकाच इमारतीतल्या शाखेला पत्र लिहून महिनाभर वाट का पाहायला लावायची?

किनाऱ्यावरच्या मंडळींना एवढीच विनंती. तुमच्या जिल्ह्याच्या किनारा आराखड्याची जनसुनावणी लागली की जरूर जा. भिंतीवर नकाशा असेल. हरकत नोंदवण्याआधी विचारा, हा कोणत्या तारखेच्या चित्रावरून केला, आणि प्रमाण काय? उत्तर लेखी मागा.