वाट सोडून आलेला पाहुणा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



फेब्रुवारी 2021 मध्ये आसामातील तिनसुकिया जिल्ह्यात, मागुरी-मोटापुंग बिलात एक बदक दिसले आणि पक्षिप्रेमींची तेथे रीघ लागली. बील म्हणजे नदीकाठचा उथळ, विस्तीर्ण जलाशय. तेथे उतरलेला हा पाहुणा म्हणजे मँडरीन बदकाचा नर. या जातीची वीण पूर्व रशिया, चीन, कोरिया व जपान येथे होते आणि तिचा हिवाळा मुख्यतः पूर्व चीन व जपानमध्ये जातो. आसाम तिच्या नित्याच्या वाटेवर नाही.

नर ओळखण्यास सोपा. लाल चोच, डोळ्यावरून मागे गेलेला रुंद पांढरा पट्टा, गालांवर नारिंगी पिसांची झालर आणि पाठीवर शिडांसारखी उभारलेली दोन नारिंगी पिसे. मादी मात्र करड्या रंगाची. डोळ्याभोवती पांढरे कडे आणि त्यातून मागे गेलेली बारीक रेघ, एवढीच तिची खूण. विणीनंतर नरही आपला साज उतरवून मादीसारखा दिसू लागतो. तेव्हा त्याची लालसर चोचच साक्ष देते.

नाव कळले म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. पक्षी स्वतःच्या पंखांनी आला की कुणाच्या पिंजऱ्यातून सुटला? हे बदक शोभेसाठी अनेक देशांत पाळतात. ब्रिटनमध्ये आज मुक्त वावरणारी मँडरीन बदके अशाच पाळीव पक्ष्यांची संतती होय. 2018 साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये अवतरलेल्या नराच्या पायात कडे होते. म्हणून जाणकार आधी पाय पाहतात. मग पंख छाटलेले आहेत काय, शेपटी झिजली आहे काय, पक्षी माणसाला बुजतो काय, हे तपासतात. तरीही पायात कडे नाही एवढ्यावरून तो रानातलाच, असे सिद्ध होत नाही. ऋतू, स्थळ आणि जुन्या नोंदी यांचाही विचार करावा लागतो. तिनसुकियातच दिब्रू नदीच्या परिसरात 1902 साली या जातीची नोंद झालेली होती. त्यामुळे मागुरीचा पाहुणा आपणहून आला असावा, या मताला बळ मिळाले.

या आनंदाला एक दुःखद पार्श्वभूमी होती. 27 मे 2020 रोजी जवळच्या बागजान येथील विहिरीतून नैसर्गिक वायूचा स्फोटक उद्रेक झाला. 9 जूनला आग भडकली आणि विहीर पूर्णपणे शांत व्हायला नोव्हेंबर उजाडला. बिलाच्या पाण्यावर तेलाचा तवंग आला, मासे मेले, कोळ्यांची उपजीविका बुडाली. अशा ठिकाणी दुर्मीळ बदक आले म्हणजे सारे पूर्ववत झाले, असा समज होणे स्वाभाविक आहे. पण तो धोक्याचा आहे. वाट चुकलेला एकटा पक्षी जलाशयाच्या प्रकृतीचा दाखला देऊ शकत नाही. तो दाखला दरवर्षी नेमाने येणारे सामान्य पक्षी देतात, आणि तोही त्यांची मोजदाद झाली तरच.

ही मोजदाद आपल्यालाही करता येते. 1987 सालापासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते आणि तिचा भार हौशी निरीक्षकच वाहतात. आपण ज्या गावी राहतो तेथील तळ्यावर मुलांना घेऊन जावे. तारीख, वेळ, संख्या लिहावी; अनोळखी पक्ष्याचे दुरूनच छायाचित्र घ्यावे, त्याला उठवू नये. प्रथम आपला ओळखीचा वारकरी आणि चक्रवाक मोजावा. नेहमीचे कोण हे ठाऊक असेल, तरच नवखा कोण ते कळेल.