खेळाडू लेकरांचं ताट



लेकरू तालुक्याला पहिलं आलं की आपण त्याला बूट घेतो, वाशीमला जिल्हा स्पर्धेला जायचं गाडीभाडं देतो. जेवणाचा विषय मात्र ‘पोटभर खातो की’ एवढ्यावर मिटवतो.

डबा दुपारी खाऊन होतो. शाळा सुटली की मूल थेट मैदानावर जातं आणि दिवेलागणीला घरी येतं. दिवसातली सगळ्यात मोठी मेहनत ते रिकाम्या पोटी करतं. शेवटच्या फेरीत पाय जड झाले की आपण म्हणतो, दम कमी पडला. अहो, अन्न कमी पडलं! सरावाच्या तासभर आधी खायला दप्तरात दोन केळी किंवा गूळ-पोळी द्या. परत आल्यावर लगेच दूध, फुटाणे काहीतरी हातात ठेवा. जेवण मग सावकाश होऊ द्या.

आता प्रथिनांचा हिशेब करू. चाळीस किलो वजनाच्या खेळाडू मुलाला दिवसाला साधारण 50 ते 60 ग्रॅम प्रथिनं लागतात. दिवसभरातल्या भाकरींच्या 200 ग्रॅम ज्वारीच्या पिठातून 20, दोन वाट्या घट्ट वरणातून 12, मूठभर शेंगदाण्यांतून 7, पेलाभर दुधातून 6 आणि दोन अंड्यांतून 12. झाले 57! अंडी चालत नसतील तर 30 ग्रॅम सोयाबीन तेवढंच काम करतं. फक्त ते कच्चं देऊ नका. नीट भाजून, दहा किलो गव्हाला एक किलो या मापानं दळून आणा.

तूर, हरभरा, सोयाबीन आपल्याच शिवारात पिकतं. आपण ते पोत्यांनी विकतो आणि त्या पैशातून पावडरचा डबा आणतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 च्या आहार मार्गदर्शिकेत अशा प्रथिन पावडरी टाळायला सांगितलं आहे. काही पावडरींत बंदी असलेली द्रव्यंही सापडतात, आणि चाचणीत दोषी ठरतो तो खेळाडूच.

मुलींबद्दल स्पष्ट बोलतो. त्यांचं लोह पाळीतून जातं, म्हणून पालेभाजी, डाळी, तीळ आणि वर लिंबू हवंच. जेवणाला लागून चहा नको. जोराच्या सरावात पाळी थांबली तर ‘मेहनतीनं होतं’ म्हणून सोडू नका. खाणं कमी पडत असल्याची ती खूण असू शकते, डॉक्टरांना दाखवा. आणि ताटात भावाइतकंच वाढा.

कुस्तीच्या वजनगटासाठी लेकराला उपाशी, तहानलेलं ठेवू नका. आपल्या उन्हाळ्यात तर ते जिवावर बेतू शकतं. सरावाला पाण्याची बाटली आणि घरी ताक रोज असू द्या.

जूनमध्ये शाळा उघडतील. पहिल्या पालकसभेत निकालासोबत एवढं विचारा: सराव किती वाजता सुरू होतो आणि त्याआधी मुलं काय खातात? उत्तर समाधानाचं नसेल, तर चार पालक मिळून मैदानावर केळी-फुटाण्यांची रोजची सोय लावा. ज्या घरात पैसा कमी आहे, त्या घरचं लेकरूही त्यात धरा.