नेट कधी जातं, ते आधी वहीत लिहा



गटाच्या बैठकीत हप्ते, व्याज, बँकेचं काम झालं की शेवटी 'आणखी कोणाला काही विचारायचंय का' असं आम्ही विचारतो. गेल्या काही महिन्यांत तिथे एकच तक्रार फिरून फिरून येते. "ताई, नेटचे पैसे दर महिन्याला भरतो, पण नेट येतं आणि जातं." उल्हासनगरच्या कॅम्पातून, अंबरनाथहून, बदलापूरहून, तिन्हीकडून. नेट पूर्ण बंद असेल तर माणूस येऊन बघतो. पण येतं-जातं असेल तर तो येतो तेव्हा नेमकं चालू असतं. "सगळं ठीक आहे" म्हणून तो निघतो, आणि तो जिना उतरायच्या आत पुन्हा बंद! यावर आम्ही काय केलं, ते आज सांगतो.

आमच्या बदलापूरच्या गटाचा कॉम्प्युटर एका वहिनीच्या घरी ठेवलाय. गटाचा हिशेब, मसाल्याच्या ऑर्डरी, बायकांचे फॉर्म, सगळं तीच करते. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीचे दिवस होते. उल्हासनगरहून दोघीजणी दुपारचं शिलाईचं काम सोडून तिच्याकडे आल्या. नगावर मजुरी मिळते त्यांना, म्हणजे अर्धा दिवस बुडाला. आधार क्रमांक टाकला, मोबाइलवर ओटीपी आला, तो भरला आणि पान गोल फिरत राहिलं. नेट गेलं होतं. परत आलं तोवर ओटीपीची मुदत संपली. असं तीनदा झालं. दोघी तशाच परत गेल्या.

घरात बोलणी बसली ती वहिनीला. "हिचा हात लागला की बंद पडतं. इतके दिवस चांगलं चाललं होतं." सासूबाई म्हणाल्या, "तो डबा गटाला परत करून टाक." त्याआधी एका दुरुस्तीवाल्याने पाचशे रुपये घेऊन कॉम्प्युटर फॉरमॅट करून दिला होता. नेट तसंच राहिलं, गटाची मागच्या वर्षीची हिशेबाची फाइल मात्र गेली. कागदाची वही होती म्हणून आम्ही वाचलो.

त्या वहीवरूनच आम्हाला सुचलं. पैशाचा मेळ बसत नसेल तर आपण कोणावर आरोप करत नाही, आधी नोंदी बघतो. मग नेटचा मेळ बसत नाही, तर त्याच्या नोंदी कुठे आहेत?

शाळेची एक जुनी वही घेतली आणि पाच रकाने आखले. तारीख आणि वेळ. किती मिनिटं गेलं. राउटरवरचे दिवे कसे होते. त्याच वेळी मोबाइलवर वायफाय चालत होतं का. घरात आणि इमारतीत तेव्हा काय चालू होतं. वही आणि पेन राउटरशेजारी दोरीने बांधून ठेवलं. घरातल्या प्रत्येकाने, नेट गेलं की आधी ओळ लिहायची, मग राउटर बंद-चालू करायचा. हा क्रम महत्त्वाचा आहे. आपण घाईने बटण बंद-चालू करतो आणि दिव्यांची खूण पुसली जाते.

दिवे काय सांगतात ते ऐका. बऱ्याच घरांत आता फायबरचं कनेक्शन आहे. त्यात काचेच्या केसासारख्या बारीक तंतूतून प्रकाश येतो. त्याच्या डब्यावर एक दिवा विजेचा असतो. दुसऱ्यापाशी इंग्रजीत पी-ओ-एन लिहिलेलं असतं, तो स्थिर हिरवा हवा. तिसऱ्यापाशी एल-ओ-एस असतं. हा लाल होऊन लुकलुकायला लागला, तर बाहेरून प्रकाशच पोचत नाही. मग कॉम्प्युटरला हात लावून उपयोग नाही, दोष वायरीत किंवा कंपनीकडे. सगळेच दिवे विझून एकेक करून परत लागले, तर डब्याला वीज नीट मिळत नाही. आणि दिवे सगळे ठीक, मोबाइलही चालतोय, फक्त कॉम्प्युटरवर नेट नाही, तर दोष कॉम्प्युटर आणि राउटर यांच्या मधे.

आठ दिवसांनी वही उघडली. आम्हाला वाटत होतं बिघाड एक आहे. निघाले दोन.

पहिला सकाळी सातच्या सुमारास आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. सगळे दिवे विझायचे, तीन-चार मिनिटांनी परत यायचे. शेवटच्या रकान्यात सासूबाईंनीच लिहिलं होतं, 'पाण्याची मोटर लावली.' इमारतीची मोटर सुरू होताना वीज क्षणभर खाली येते. बल्ब जरासा मिचकतो, आपण लक्ष देत नाही. पण राउटरचा अडॅप्टर जुना होऊन अशक्त झाला असेल, तर तेवढ्यानेही राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतो.

इथे आम्ही एक नियम पाळला. एका वेळी एकच बदल, आणि दोन दिवस थांबायचं. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने बरं झालं ते कळत नाही आणि पैसे पाचही गोष्टींचे जातात. आधी राउटरची पिन एक्स्टेन्शन बोर्डातून काढून भिंतीतल्या वेगळ्या बोर्डात लावली. त्या बोर्डावर मिक्सर, चार्जर, टीव्ही सगळं लटकलेलं होतं. थोडा फरक पडला, पूर्ण नाही. मग शेजारणीचा अडॅप्टर दोन दिवस उसना घेतला आणि जाणं थांबलं. तेव्हा कुठे नवीन अडॅप्टर विकत आणला. उसना घ्या किंवा विकत घ्या, जुन्या अडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय ते बघा, तेवढंच हवं. ॲम्पिअर तेवढे किंवा थोडे जास्त चालतात, कमी चालत नाहीत. पिनही नीट बसली पाहिजे. अडॅप्टर घरी उघडून बघायचा नाही. ज्यांच्याकडे लाइट वारंवार जाते, त्यांनी राउटरपुरता छोटा यूपीएस घ्यायला हरकत नाही.

दुसरा बिघाड दुपारचा. दिवे ठीक, मोबाइल ठीक, कॉम्प्युटर तेवढा तुटायचा. राउटर हॉलमध्ये, कॉम्प्युटर आतल्या खोलीत आणि मधे लोखंडी कपाट. वायफायच्या लहरी भिंतीतून अशक्त होऊन जातात, लोखंडातून जवळजवळ जातच नाहीत. हे तपासायला सोपी युक्ती आहे. कॉम्प्युटरला राउटरची सरळ वायर जोडा, जिला लॅन केबल म्हणतात. वायरीवर दिवसभर चाललं आणि वायफायवर तुटलं, तर दोष वायफायचा. आम्ही भिंतीच्या कडेने वायर नेली आणि प्रश्न संपला. वायरीच्या टोकाची प्लॅस्टिकची चिमटी तुटलेली नाही ना, एवढं बघून घ्या. ती तुटली की वायर सैल बसते आणि जरा धक्का लागला की नेट जातं.

वायर नेणं शक्य नसेल तर राउटर उंचावर, मोकळ्या जागी ठेवा. मायक्रोवेव्हपासून लांब, कारण तो आणि साधं वायफाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात. शिवाय कॉम्प्युटर वीज वाचवायला वायफायचा भाग मधूनच झोपवतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये त्याची खूण असते, ती काढून टाकता येते.

दोष घरात आहे की बाहेर, हे पक्कं करायची एक परीक्षा आहे. कागदावर लिहून घ्या. विंडोज कॉम्प्युटरवर खिडकीचं चित्र असलेलं बटण आणि आर एकदम दाबा. चौकटीत सी-एम-डी ही तीन अक्षरं टाकून एंटर मारा, काळा पडदा येईल. त्यात आय-पी-सी-ओ-एन-एफ-आय-जी असं सलग टाइप करून एंटर. 'डिफॉल्ट गेटवे' समोर एक आकडा दिसेल, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१ असा. तो तुमच्या राउटरचा पत्ता. आता पी-आय-एन-जी, एक जागा सोडून तो आकडा, पुन्हा जागा सोडून आडवी रेघ आणि टी. कॉम्प्युटर दर सेकंदाला राउटरला हाक मारत राहील. असाच दुसरा काळा पडदा उघडून आकड्याच्या जागी ८.८.८.८ टाका. ती हाक बाहेर गूगलच्या यंत्राला जाते. दोन्ही तसेच चालू ठेवा. नेट जाईल तेव्हा बघा. राउटर उत्तर देतोय आणि बाहेरून उत्तर नाही, तर दोष राउटरच्या पुढे, बाहेर. राउटरच उत्तर देत नाही, तर दोष घरात. थांबवायला कंट्रोल आणि सी दाबा. किती हाका गेल्या आणि किती वाया गेल्या, त्याची बेरीज खाली येते. ती वहीत उतरवा.

उल्हासनगरला कारण वेगळं निघालं. तिथे इमारती एकमेकींना खेटून. शिलाईच्या गाळ्यात बसून मोबाइलवर बघितलं तर शेजारपाजारची वीस-बावीस वायफायची नावं. सगळे त्याच हवेत बोलतात. बाजारात सगळे एकदम ओरडायला लागले की शेजारच्याचंही ऐकू येत नाही, तसं होतं. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ हे तीन चॅनल एकमेकांत मिसळत नाहीत. नेटवाल्याला सांगून त्यातला कमी गर्दीचा निवडून घेतला. राउटर आणि कॉम्प्युटर एकाच खोलीत असतील तर ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वापरा, त्यात गर्दी कमी असते, पण ते भिंतीपलीकडे लवकर दमतं.

अंबरनाथच्या ताईंच्या वहीत तिसरीच गोष्ट. नेट गेलं की लाल दिवा, आणि शेवटच्या रकान्यात दर वेळी 'वारा-पाऊस'. तक्रार केली की फोनवरून एकच उत्तर, "मॅडम, राउटर बंद करून चालू करा." तीनदा तेच. चौथ्यांदा त्यांनी वही समोर धरून सात तारखा, वेळा आणि लाल दिवा असं वाचून दाखवलं. मग माणूस गच्चीवर चढला. वाऱ्याने हलून हलून वायर पत्र्याच्या कडेला वाकली होती. काचेच्या तंतूला फार वळण पडलं की प्रकाश पुढे जात नाही. अर्ध्या तासात नवीन वायर टाकून झाली. तुटलेल्या फायबरच्या टोकात मात्र कोणी डोकावून बघू नका. त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

तक्रार करताना तिचा क्रमांक मागून घ्या आणि वहीत लिहा. ट्रायच्या २०१२च्या नियमांप्रमाणे सेवा देणाऱ्या कंपनीला तक्रार केंद्र ठेवावं लागतं, आणि तिथे काम झालं नाही तर त्यांच्याच अपील अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. त्यासाठी तो क्रमांक लागतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही सांगता येतं.

एक सावधगिरी. तुम्ही तक्रार केली नसताना "नेट कंपनीतून बोलतोय, हे ॲप टाका, ओटीपी सांगा" असा फोन आला तर ठेवून द्या. नेट दुरुस्त करायला बँकेचा ओटीपी कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

पावसाळ्याचंही सांगतो. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीचं पाणी चढलं आणि बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, ते आपण विसरलेलो नाही. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी राउटर आणि त्याचा बोर्ड जमिनीलगत ठेवू नये. आणि मुदतीचा फॉर्म भरायला बसाल तेव्हा मोबाइलचा हॉटस्पॉट आधीच जोडून तपासून ठेवा. घरचं नेट गेलं तर निदान तेवढं काम अडणार नाही.

त्या दोघी पुढच्या आठवड्यात परत आल्या. दोघींची ई-केवायसी वीस मिनिटांत झाली. अर्धा दिवस पुन्हा बुडाला, तो कोणी भरून देत नाही. म्हणून नोंदी वेळेत ठेवायच्या, हे आम्ही आता प्रत्येक गटाला सांगतो.

वहिनीचा कॉम्प्युटर तिच्याच घरी आहे. तिचा हात लागून काही बिघडत नव्हतं, हे वहीनेच दाखवलं. त्याबद्दल घरात कोणी काही बोललं नाही. पण आता मोटर लावायच्या आधी सासूबाई जिन्यातूनच हाक मारतात, "अगं, मोटर लावतेय, काम सेव्ह कर!" अडॅप्टर बदलल्यापासून त्याची गरज उरलेली नाही, तरी मारतात.

तर मैत्रिणींनो, आज एक वही घ्या, पाच रकाने आखा आणि राउटरशेजारी बांधा. आठ दिवसांनी ती बैठकीला घेऊन या, आपण मिळून बघू. नमस्कार.