बोरघाटांतील कोसळलेला पूल

सातारा-सांगलीकडील प्रवासी पूर्वीं पुण्यास मीटरगेज गाडी सोडून मुंबईच्या मोठ्या गाडींत बसे आणि मग बोरघाट लागे. हा लोहमार्ग २१ एप्रिल १८६३ रोजीं खुला झाला. ३७ फुटांस १ फूट असा चढ, २५ बोगदे आणि ८ दगडी कमानींचे पूल, अशी मुख्य इंजिनियर बर्कले यांची योजना होती. १८५९ मध्यें कंत्राटदार ट्रेडवेल वारले. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनीं काम पुढें चालविलें. १८६१ मध्यें चाळीस हजारांवर मजूर राबत होते. पटकीनें त्यांतील कित्येक दगावले.

या पुलांपैकीं महूकीमळीचा पूल ५०४ फूट लांब, ५० फुटांच्या आठ अर्धवर्तुळ कमानींचा. पांचव्याच पावसाळ्यांत, जुलै १८६७ मध्यें, तो कोसळला. दोष निकृष्ट बांधणीचा होता. त्यानंतर या रेल्वेवरील अनेक दगडी कामें नव्यानें बांधावीं लागलीं.

डोंगराच्या सोंडेवर गाडीस वळावयास जागा नव्हती. म्हणून तेथें इंजिन दुसऱ्या टोकास जोडून ती उलट दिशेनें नेत. नव्या बोगद्यांमुळें १९२९ मध्यें तें स्थानकही ओस पडलें. पुलाची खरी परीक्षा पहिली गाडी घेत नाहीं; ती पावसाळे घेतात.