कायद्याने हिरावलेल्या जमिनी आणि स्थानिक इतिहासाचे मौन



गावाचा इतिहास कोणत्या दिवसापासून मोजावयाचा, हा प्रश्न वरकरणी निरुपद्रवी वाटतो. परंतु तो दिवस ठरला की त्याआधीच्या माणसांचे हक्क आपोआप विस्मृतीत जातात. कॅलिफोर्नियाचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे.

फेब्रुवारी १८४८ मध्ये ग्वादालुपे इदाल्गोच्या तहाने हा प्रदेश मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेला. तहाच्या आठव्या कलमाने तेथील मेक्सिकनांच्या मालमत्तेस अभय दिले होते. मात्र जमिनींच्या सनदांना स्पष्ट मान्यता देणारे दहावे कलम अमेरिकन सिनेटने गाळून टाकले. पुढे १८५१ च्या कायद्याने प्रत्येक सनदधारकास त्रिसदस्य मंडळापुढे आपला हक्क सिद्ध करण्यास भाग पाडले. दोन वर्षांत दावा न मांडल्यास जमीन सरकारजमा! पिढ्यान्‌पिढ्या जमीन वहिवाटणाऱ्यावरच पुराव्याचे ओझे आले.

एकूण ८१३ दावे दाखल झाले आणि सहाशेहून अधिक अखेरीस मान्यही झाले. मग अन्याय कोठे झाला, असे कोणी विचारील. तो विलंबात आणि खर्चात होता. अंतिम मालकीपत्र हाती येण्यास सरासरी सतरा वर्षे लागली. न्यायालयाची भाषा परकी, वकिलाची फी रोख नसेल तर जमिनीच्या रूपाने द्यावयाची. त्यात १८६२ ते १८६४ च्या अवर्षणात गुरे मेली. कर मात्र थांबला नाही. हुलिओ व्हेर्दुगो याने १८६१ मध्ये सान राफाएल हे आपले रांचो गहाण ठेवून सुमारे ३,४४५ डॉलर काढले. व्याज दरमहा दरशेकडा तीन. आठ वर्षांत ते कर्ज ५८,७५० डॉलरवर गेले आणि जमीन हातची गेली. तेथे आज ग्लेनडेल व बरबँक ही शहरे आहेत.

पेराल्टा घराण्याच्या १८२० च्या सनदेतील जमिनीवर आज ओकलंड व बर्कली वसली आहेत. १८५० मध्ये काही उपऱ्यांनी तेथे बेकायदा ठाण मांडले आणि दोनच वर्षांत ओकलंड नगराची रीतसर स्थापना झाली. पेराल्टांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला खरा, पण तोवर जमिनीचे तुकडे विकले गेले होते.

यानंतरच्या दशकांत निघालेले परगण्यांचे इतिहास पाहा. त्यांपैकी अनेक प्रतिष्ठित वसाहतवाल्यांच्या वर्गणीवर छापले गेले. वर्गणीदाराचे चरित्र आणि चित्र त्यांत झळकत असे. पैसे देणारा ‘संस्थापक’ ठरला आणि जमीन गमावणारा आळशी, उधळ्या! मारियानो व्हायेहो यांनी आपल्या आठवणी पाच खंडांत लिहून काढल्या, त्या मात्र दीर्घकाळ हस्तलिखितातच राहिल्या.

आपल्यापैकी एखादा कार्यकर्ता विचारील, हे तर बडे जमीनदार, त्यांच्यासाठी समाजवाद्याने अश्रू का ढाळावेत? प्रश्न रास्त आहे. ही रांचो आदिवासींच्या भूमीवर आणि त्यांच्याच श्रमांवर उभी होती. धर्मपीठांच्या जमिनी मोकळ्या झाल्या, तेव्हा त्यांतील वाटा आदिवासींना मिळावयाचा होता. तो बहुतांशी या घराण्यांनीच गिळला. हे झाकून मेक्सिकन मालकांचा कैवार घेणे हाही अर्धाच इतिहास होईल.

परंतु त्यांच्या जमिनी कसणाराला मिळाल्या काय? बऱ्याचशा सावकार, वकील आणि सट्टेवाल्यांच्या हाती गेल्या. आदिवासींना तर नव्या राज्याने १८५० च्या कायद्याने वेठीसच बांधले. मालक बदलले, जमिनीचे समान वाटप झाले नाही. या फरकाचे भान आपण सोडता कामा नये.

म्हणून स्थानिक इतिहास वाचताना कोर्टाने हक्क मान्य केला की नाही, एवढ्यावर थांबू नका. तो सिद्ध करण्याचा खर्च कोणी सोसला, कर्ज कोणत्या दराने काढले आणि निकालाच्या दिवशी जमीन कोणाच्या ताब्यात होती, हेही विचारा.