परदेशातील वर्षे आणि त्यांचा हिशेब

(जमातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात नया नगर, मीरा रोड येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



संमेलनात दोन शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने केली, तेव्हा आम्हांस संकोच वाटला. आम्ही विद्वान नव्हे आणि कायदेपंडितही नव्हे. परंतु बावीस वर्षे परमुलखात नोकरी करून जे शहाणपण उशिरा आले, ते तरुण मंडळींच्या कानी वेळेवर घालावे, एवढ्याच हेतूने आम्ही आपणांपुढे उभे आहोत.

आपली वडील मंडळी कोकणातून आगबोटीने मुंबईस आली, आणि पुढच्या पिढीचे पाऊल आखाती देशांत पडले. येथे बसलेल्यांपैकी कितीकांचे नया नगरातील बिऱ्हाड रियाल-दिरहमांच्या बचतीतून उभे राहिले आहे! आता आपली मुले कॅनडा, ब्रिटन, अमेरिका या देशांची नावे घेऊ लागली आहेत. त्यांचा प्रश्न एकच असतो : कामाच्या व्हिसावर गेलेल्या मनुष्यास तेथे कायमचे राहता येते काय? आमचे उत्तर असे की, काम करण्याची परवानगी आणि कायम राहण्याचा हक्क या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जेथे कायद्याने वाट बांधली असेल तेथेच एकीतून दुसरीकडे जाता येते. आणि त्या वाटेवरही कायदा मोजील तेवढीच वर्षे आपली.

आमचाच दाखला सांगतो. १९९६ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, आम्ही जेद्दास गेलो. काम कोठाराचे हिशेब ठेवण्याचे होते; परंतु इकाम्यावर हुद्दा लागला ‘आमिल’, म्हणजे मजूर. पगार वेळेवर मिळत होता, म्हणून आम्ही त्याकडे लक्ष दिले नाही. इकामा दर खेपेस नवा होत गेला आणि तो होतच राहील असे आम्ही धरून चाललो. जुलै २०१७ पासून तेथील सरकारने परदेशी नोकरांच्या कुटुंबीयांवर माणशी दरमहा १०० रियाल आकार बसविला. तो दर वर्षी १०० रियालांनी वाढून २०२० साली ४०० वर जावयाचा होता. पत्नी व तीन मुले धरून आमच्या घरची माणसे चार. म्हणजे अखेरीस महिन्यास १,६०० आणि वर्षास १९,२०० रियाल. आमच्या पगारास ते पेलणारे नव्हते. २०१८ साली आम्ही सहकुटुंब परत आलो. बावीस वर्षे राहिलो म्हणून एक दिवस अधिक राहण्याचाही हक्क आम्हांस नव्हता. यात फसवणूक कोणाची झाली नाही. कायदा पहिल्या दिवसापासून तसाच होता, आम्ही तो विचारला नव्हता इतकेच.

२०१९ पासून सौदी अरेबियाने विशेष रहिवासाची योजना काढली, हे खरे. तथापि कायम रहिवासाचे तिचे मूल्य ८ लाख रियाल ठरविले गेले. अमिरातीतील गोल्डन व्हिसाही त्याच वर्षीचा. तो मुदतीचा आहे आणि ठरावीक पात्रतेच्या लोकांसाठी आहे. सर्वसाधारण नोकरदाराने आखातात कमवावे, शिल्लक टाकावी, परंतु मुळे रुजतील अशी आशा धरू नये.

परत आल्यावर आम्ही कॅनडाचा विचार केला. त्या देशाने १९६७ साली गुणांची पद्धत सुरू केली, आणि २०१५ पासून एक्स्प्रेस एन्ट्री नावाने अर्ज घेतले जातात. शिक्षण, भाषा, अनुभव व वय यांस गुण मिळून, पात्र ठरल्यास भारतात बसूनही कायम रहिवास, ज्यास मुले ‘पी.आर.’ म्हणतात, तो मिळू शकतो. आखातातील कुशल कामाचा अनुभव तेथे धरला जातो. परंतु वयाचे गुण तिसाव्या वर्षापासून उतरू लागतात आणि पंचेचाळिसाव्या वर्षी शून्य होतात. आम्ही तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे होतो. शिवाय अनुभवाच्या पत्रात कामाचे स्वरूप, तास व पगार लिहिलेला लागतो. आमच्यापाशी ‘आमिल’ लिहिलेला इकामा तेवढा होता. तो विचार आम्हांस सोडावा लागला. पस्तिसाव्या वर्षी कोणी हे सांगितले असते, तर कदाचित निराळे झाले असते.

वाट असली तरी ती बदलणार नाही असे समजू नये. ब्रिटनमध्ये कुशल कामगारांच्या योजनेखाली गेलेल्यांना चार वर्षांनी कायम वास्तव्य मागता येत असे. एप्रिल २००६ मध्ये ती मुदत पाच वर्षे झाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मुदतवाढीच्या अटीही बदलल्या. आधीच जाऊन पोहोचलेल्यांनाही बदल लागू केले, म्हणून त्या लोकांनी एकजूट करून न्यायालय गाठले. २००८ व २००९ साली निकाल त्यांच्या बाजूने लागले. मे २०२५ मध्ये तेथील सरकारने पाचाची मुदत दहा वर्षे करण्याचा विचार श्वेतपत्रिकेत मांडला. सबब जाण्यापूर्वीचे लेखी नियम आणि आपली पत्रे जपून ठेवावीत. वेळप्रसंगी तीच उपयोगी पडतात.

अमेरिकेत अडचण रांगेची आहे. एच-१बी व्हिसा तीन वर्षांचा, वाढवून सहा वर्षांचा. मालकाने ग्रीन कार्डाची कारवाई वेळेत चालविली, तर २००० सालच्या कायद्याने पुढेही वाढवून मिळू शकतो. परंतु नोकरीच्या आधारे वर्षास सुमारे १,४०,००० जागा, त्यांत कुटुंबीयही मोजले जातात, आणि एका देशाच्या वाट्यास साधारण सात टक्के. भारतात जन्मलेल्यांची रांग त्यामुळे फार लांब आहे. वाट पाहता पाहता मुले एकवीस वर्षांची झाली, तर आईबापांच्या अर्जातून ती बहुधा बाहेर पडतात. २००२ च्या कायद्याने काहींना सवलत मिळते, सर्वांना नाही.

येथे एक गोष्ट आपल्या घरांनी अवश्य ध्यानी घ्यावी. ही रांग पारपत्रावरून नव्हे, जन्मस्थानावरून ठरते. आमची थोरली कन्या जेद्दास जन्मली. अमेरिकेत शिकून ती नोकरीस लागली. पारपत्र भारताचे असले तरी तिचा अर्ज सौदी अरेबियाच्या वाट्यात मोजला जातो. लग्नानंतर पतीचा जन्म भारतातला असला, तरी त्यालाही पत्नीच्या वाट्याचा लाभ घेता येतो. तिचा अरबी जन्मदाखला आमच्या पत्नीने वीस वर्षे बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवला होता. ज्या देशाने आम्हांस राहू दिले नाही, तेथील एका कागदाने कन्येची वाट इतकी आखूड केली! आम्ही कमावले ते खर्चून गेले. पत्नीने जपले ते कामी आले.

म्हणून तरुणांस तीन गोष्टी सांगतो. जाण्यापूर्वी विचारावे : या व्हिसाची वर्षे कायम रहिवासासाठी मोजली जातात काय, आणि मुलांचे वय तेव्हा काय असेल? तेथे असताना कामाचा खरा हुद्दा कागदावर लावून घ्यावा. देश सोडण्यापूर्वी अनुभवपत्र, मुलांचे जन्मदाखले व पोलिसांचा दाखला हाती घ्यावा. मागाहून ते मिळविणे फार जिकिरीचे होते. पी.आर. मिळाला तरी मनुष्य भारताचाच नागरिक राहतो, आणि त्या देशाच्या अटीही त्यास पाळाव्या लागतात. कॅनडात पाच वर्षांत ७३० दिवस वास्तव्य लागते.

मंडळास नम्र विनंती की, महिन्यातून एक सायंकाळ या कामासाठी राखावी. परदेशी जाणाऱ्या मुलाने आपले कागद घेऊन यावे आणि परत आलेल्या चार जाणत्यांनी ते वाचून पाहावेत. कायद्याचा सल्ला वकिलाचाच घ्यावा. परंतु वकिलास काय विचारावे, एवढे तरी आपण सांगू शकू. पहिल्या सायंकाळी आम्ही हजर राहू, आणि तो ‘आमिल’ लिहिलेला इकामाही दाखविण्यासाठी आणू.