नवा कॅमेरा घ्यावा कीं जुनाच ठेवावा?

ज्या घरांत छायाचित्रणाचा छंद शिरला आहे, त्या घरांत दोन-तीन वर्षांनीं एक प्रश्न हमखास उभा राहतो. हौसेनें आणलेला पहिला डीएसएलआर कॅमेरा आतां हाताला सवयीचा झालेला असतो. त्याच्याबरोबर पेटींतून आलेली छोटी लेन्स अद्याप त्याच्या तोंडावरून उतरलेली नसते. आणि घरांतील छंदिष्ट मुलगा, मुलगी, क्वचित् प्रसंगीं गृहस्थ स्वतः, जेवतांना हळूच विषय काढतात कीं, आतां वरच्या श्रेणीचा कॅमेरा घ्यावयास हवा. कोणी तरी किंमत विचारतें, आणि पंक्तीला कांहीं वेळ शांतता पसरते. त्या शांततेंत विचारण्यासारखें जें कांहीं आहे, त्याचाच आज विचार करावयाचा आहे.

श्रोतेहो, डीएसएलआर या लांबलचक नांवांतली मुख्य वस्तु म्हणजे आरसा. लेन्समधून आलेला प्रकाश या आरशावरून परतून आपल्या डोळ्याशीं येतो. कळ दाबतांच आरसा वर उचलला जातो आणि तोच प्रकाश मागच्या सेन्सरवर पडतो. असे कॅमेरे पूर्वीं केवळ धंदेवाईक छायाचित्रकारांना परवडत. २००३ सालीं कॅननचा ३०० डी हा कॅमेरा एक हजार डॉलरांच्या आंत आला आणि मध्यम स्थितींतल्या घरांना हें दार उघडलें. पुढें कंपन्यांनीं नवशिक्यांची एक वेगळी श्रेणीच पाडली. निकॉनचा २०१८ सालचा डी ३५०० हा त्या श्रेणीचा चांगला नमुना आहे. आजच्या बोलण्यांत मी तोच पुढें धरतों. त्याच्या वरच्या पायरीवर त्याच कंपनीचा २०१७ सालचा डी ७५०० आहे, असें समजून चालूं.

दुकानांत शिरतांच प्रथम कानीं पडतो तो मेगापिक्सेल हा शब्द. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लक्ष बिंदु. १९७५ सालीं कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्यानें पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला, तेव्हां त्याचें चित्र शंभर ओळींचें व दर ओळींत शंभर बिंदु असें अवघ्या दहा हजार बिंदूंचें होतें. तेथून इथवर येतांना बिंदु मोजण्याची जी सवय जडली, ती कांहीं केल्या सुटत नाहीं. डी ३५०० मध्यें २४.२ मेगापिक्सेल आहेत. आडवे ६००० बिंदु आणि उभे ४०००. आतां गंमत अशी कीं, वरच्या श्रेणीचा डी ७५०० उघडून पाहिला तर त्यांत २०.९ मेगापिक्सेलच भरतात. आणि क्रीडास्पर्धा व वृत्तपत्रें यांच्यासाठीं २०२० सालीं काढलेल्या भारी किंमतीच्या डी ६ मध्यें तर २०.८. बिंदु हेंच जर कॅमेऱ्याचें माप असतें, तर कमी बिंदूंसाठीं अधिक पैसे मोजणारे हे सगळे व्यवहारी लोक वेडे म्हणावे लागतील.

घरच्या गरजेचा हिशेब तर याहून साधा आहे. बारा इंच लांब व आठ इंच रुंद असें भिंतीवर लावण्याजोगें चित्र, इंचाला तीनशें बिंदु अशा दाट छपाईनें काढलें, तरी त्यास ८६ लक्ष ४० हजार बिंदु पुरतात. आपल्यापाशीं त्याच्या पावणेतीन पट आहेत. बरें, बिंदु दुप्पट झाले म्हणजे चित्र दुप्पट मोठें होतें असेंहि नाहीं. निकॉनच्या डी ८५० मध्यें ४५.७ मेगापिक्सेल आहेत, परंतु चित्राची रुंदी ६००० वरून ८२५६ बिंदूंवरच जाते, म्हणजे १.३८ पट. एवढ्यासाठीं कोणी घरांतली ठेव मोडूं नये.

मग चित्रें वाईट येतात तीं कशामुळें? याचें उत्तर दुकानांत मिळत नाहीं. तें आपण आधीं काढलेल्या चित्रांत लिहून ठेवलेलें असतें. माझ्या परिचयाच्या एका कुटुंबांतील कन्या महाविद्यालयांत शिकते आणि एकांकिकांचीं छायाचित्रें घेते. एकांकिकेचे चार-दोन प्रयोग होतात, नट पांगतात, नेपथ्य मोडून अडगळींत जातें. मागें उरतात तीं हीं छायाचित्रेंच. या मुलीचीं बहुतेक चित्रें पुसट येत. ऐन प्रसंगीं उचललेला नटाचा हात धुराच्या रेघेसारखा दिसे. वर्षभर शिकवण्या करून तिनें पैसे सांठविले होते, आणि ते सर्व ओतून मोठा कॅमेरा घेण्याचा तिचा निश्चय झाला होता. तिच्या वडिलांनीं माझें मत विचारलें, तेव्हां मीं इतकेंच सुचविलें कीं, एक संध्याकाळ काढून फसलेलीं चित्रें संगणकावर उघडा आणि प्रत्येकाच्या पोटांत कॅमेऱ्यानें नोंदलेले आंकडे एका कागदावर उतरवा. डिजिटल चित्राचा हा मोठा उपकार आहे. कळ कितव्या भागाची, छिद्र किती, प्रकाशसंवेदन किती, हें सारें तें आपल्याबरोबर वागवीत असतें.

कागद भरला तेव्हां जवळजवळ प्रत्येक ओळींत एकच मजकूर होता: संवेदन ३२००, छिद्र ५.६, वेळ सेकंदाचा पंचविसावा भाग. बोलतां बोलतां हातवारे करणारा माणूस स्पष्ट टिपावयाचा तर वेळ सेकंदाच्या दोनशेंव्या-अडीचशेंव्या भागापर्यंत खालीं आणावा लागतो. पंचविसाव्या भागांत हात वीतभर सरकून जातो. त्याला कॅमेरा काय करणार? खरी अडचण ५.६ या आंकड्यांत होती. पेटींतून येणारी १८ ते ५५ मिलिमीटरची लेन्स पूर्ण लांब केली कीं तिचें छिद्र ५.६ हून मोठें उघडतच नाहीं. छिद्राचा आंकडा जितका लहान तितकें छिद्र मोठें, हें येथें ध्यानांत ठेवावें. ५० मिलिमीटरची, न लांबणारी-न आखडणारी, १.८ छिद्राची साधी लेन्स मिळते. ५.६ ला १.८ नें भागून येणाऱ्या संख्येचा वर्ग केला कीं साडेनऊहून किंचित् अधिक येतो. तितक्या पट प्रकाश ती आंत घेते. पंचविसाव्या भागाचा अडीचशेंवा भाग होतो तो असा, त्याच कॅमेऱ्यावर आणि त्याच दिव्यांत.

आतां हेंच काम मोठ्या कॅमेऱ्यानें किती झालें असतें तें पाहा. डी ७५०० चा सेन्सर आकारानें डी ३५०० एवढाच आहे. तेव्हां त्याच लेन्सनें तो अंधारांत फारसा पुढें जाणार नाहीं. ज्याला फुल फ्रेम म्हणतात तो ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर घेतला, तर त्याचें क्षेत्र आपल्या लहान सेन्सरच्या सव्वादोन पटींहून थोडें अधिक भरतें. चित्राचा दाणेदारपणा तितकाच राखून पंचविसाव्या भागाचा फार तर साठावा भाग होईल. म्हणजे भारी खर्चानें सव्वादोन पट आणि त्याच्या लहानशा अंशानें साडेनऊ पट, असा हा सौदा होता. मुलीनें लेन्स घेतली. चित्रांत हात दिसूं लागले.

या लेन्सचे दोष मात्र झांकून ठेवूं नयेत. मोठ्या छिद्रामुळें स्पष्टतेचा पट्टा अरुंद होतो. तीन मीटरांवरून घेतलें तर तो जेमतेम वीतभर असतो, सहा मीटरांवरून सुमारें एक मीटर. दोन नट एकापुढें एक अंतर राखून उभे असले कीं एकाला अंधुक करावेंच लागतें. शिवाय जागेवर बसून चित्र जवळ ओढतां येत नाहीं. आपणच पुढच्या रांगेंत जाऊन बसावें लागतें. आणि खरेदीच्या वेळीं एक खांच जपली पाहिजे. निकॉनच्या ५० मिलिमीटर १.८ लेन्सचे दोन जुळे प्रकार आहेत. डी अक्षराचा जुना प्रकार स्वस्त असतो, परंतु डी ३५०० च्या अंगांत लेन्स फिरविणारी मोटर नसल्यामुळें तो तेथें आपोआप स्पष्टता साधत नाहीं. एएफ-एस असें लिहिलेला प्रकार मागून घ्यावा.

याच्या उलट दिशेची फसगत पक्षी टिपणाऱ्यांची होते. हिवाळ्यांत भिगवणला उजनीच्या जलाशयावर रोहित पक्षी पाहावयास जाणारीं पुष्कळ मंडळी गळ्यांत कॅमेरा अडकवून असतात. ३०० मिलिमीटरची लेन्स लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर असली, तर तिच्यांतून ४५० मिलिमीटरच्या लेन्सइतकाच आंखूड देखावा दिसतो, म्हणजे पक्षी चौकटीत अधिक मोठा भरतो. तीच लेन्स फुल फ्रेम कॅमेऱ्यावर चढविली कीं पक्षी पुन्हा लहान होतो. कॅमेऱ्याबरोबर मग मोठी लेन्स घेणें आलें, ती पेलावयास तिपाई आली, आणि खर्चाचा पहिला अंदाज केव्हांच मागें पडला. पक्ष्यांच्या मागें लागलेल्यानें फुल फ्रेमचा मोह जरा दूरच ठेवावा, असें माझें स्पष्ट मत आहे.

याचा अर्थ वरच्या कॅमेऱ्यांत कांहींच नाहीं असा नव्हे. त्यांत जें आहे तें जाहिरातींत ठळक अक्षरांनीं नसतें, एवढेंच. डी ३५०० मध्यें स्पष्टता साधण्याचे बिंदु अकरा, आणि त्यांतला मधलाच काय तो खरा तिखट. डी ७५०० मध्यें ते एक्कावन्न. नाटकांतला नट चौकटीच्या कडेला उभा असेल, किंवा क्रीडांगणावर मूल धांवत असेल, तर हा फरक पैशांच्या मोलाचा आहे. लहान कॅमेऱ्यांत डोळ्याला ९५ टक्केच चित्र दिसतें, मोठ्यांत पूर्ण, आणि तेंहि अधिक उजळ. लहान कॅमेऱ्याला एकच चाक असल्यामुळें सर्व मापें हातानें ठरविणाऱ्याला छिद्र बदलतांना दुसरें बटण दाबून धरावें लागतें. ही कसरत दिवसांतून शंभरदां करणाऱ्याचा वैताग मी समजूं शकतों. मोठ्या कॅमेऱ्याच्या सांध्यांना ओल व धूळ यांपासून संरक्षण आहे, त्यांत मोटरहि आहे. तेव्हां ज्यांच्या कपाटांत फिल्मच्या काळांतल्या डी प्रकारच्या लेन्स पडून आहेत, त्यांना त्या पुन्हा वापरांत आणतां येतील. अर्थात् मुंबई-कोंकणच्या पावसाळ्यांत त्या लेन्सना आधींच बुरशी लागलेली नसली तर. घट्ट झांकणाचा डबा व सिलिका जेलच्या पुड्या ही खरेदी मात्र कोणताहि कॅमेरा असो, प्रत्येकानें करावीच.

आमच्या त्या मुलीच्या कागदावर आतां दुसऱ्या प्रकारचीं फसलेलीं चित्रें जमूं लागलीं आहेत: प्रकाश ठीक, हात स्थिर, पण कडेच्या नटाऐवजीं मागचा पडदा स्पष्ट. अशीं चित्रें पुरेशीं जमलीं, तर तिनें खुशाल वरचा कॅमेरा पाहावा. तेव्हां कशासाठीं पैसे देत आहों हें तिला ठाऊक असेल.

राहतां राहिली एक गोष्ट, आणि आज तीच सर्वांत महत्त्वाची आहे. आरशाच्या कॅमेऱ्याचा वंश आतां वाढत नाहीं. २०१८ सालीं निकॉननें झेड व कॅननने आर अशा आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांच्या नव्या मालिका काढल्या. त्यांची लेन्स बसविण्याची खोबणहि नवी आहे. निकॉनचे डी ७८० व डी ६ आणि कॅननचा ८५० डी हे आरशाचे कॅमेरे २०२० सालीं आले. त्यानंतर या दोन कंपन्यांचें सारें लक्ष नव्या मालिकांकडे वळलें. असलेला कॅमेरा त्यामुळें एका रात्रींत निकामी होत नाहीं. तो उद्यांहि कालच्याइतकींच चांगलीं चित्रें काढील. परंतु नवी खरेदी करणाऱ्यानें आपण कोणत्या खोबणींत पैसे गुंतवीत आहों, हें पाहिलें पाहिजे. ज्यापाशीं केवळ पेटींतली छोटी लेन्स आहे, त्याला कोठलेंच बंधन नाहीं. बदलावयाचेंच असेल तर त्यानें थेट आरसा नसलेल्या कॅमेऱ्याकडे जावें. ज्यानें तीन-चार चांगल्या लेन्स जमविल्या आहेत, त्यानें आधीं त्या लेन्सची गणती करावी. मध्यें जोडणी घालून जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसवितां येतात; कॅननच्या बहुतेक बिनतक्रार चालतात. निकॉनच्या एएफ-एस लेन्सहि कंपनीच्या एफटीझेड जोडणीनें आपोआप स्पष्टता साधतात, पण डी प्रकारच्या लेन्स तेथेंहि हातानेंच फिरवाव्या लागतात, कारण त्या जोडणींत मोटर नाहीं.

मन तरीहि ठरत नसेल, तर मुंबई-पुण्यांत कॅमेरे व लेन्स दिवसाच्या भाड्यानें मिळतात. दोन दिवसांचें भाडें देऊन, आपल्याला नेहमीं अडतें त्याच ठिकाणीं, त्याच अंधारांत, दोन्ही कॅमेऱ्यांनीं चित्रें घ्यावीं आणि घरच्या मंडळींना कोणतीं कशाचीं हें न सांगतां दाखवावीं. भाड्याचा प्रयोग करूनहि वरचा कॅमेरा हवासा वाटला, तर हौशी मंडळींनीं वापरलेले डी ७५०० बाजारांत पाहावयास हरकत नाहीं. त्याचें शटर दीड लक्ष उघडझापींपर्यंत तपासलेलें असल्याचें कंपनीनें जाहीर केलेलें आहे, आणि आजवर किती उघडझापी झाल्या तो आंकडा त्याच्याच एखाद्या ताज्या चित्राच्या नोंदींतून काढतां येतो. विकणाऱ्याकडून तो आधीं पाहून घ्यावा. बरोबर मिळणाऱ्या पिशवीची आणि पट्ट्याची चर्चा मागाहून करावी.